कार्यक्रम झाला, फोटो झाले. गावाच्या इतिहासाची नोंद कधी होणार?

सातारा : दिवाळीतले मातीचे किल्ले पोरांनी मोडले, लांबलेला पाऊस एकदाचा थांबला आणि जिल्ह्यातल्या इतिहासप्रेमी मंडळांचा हंगाम सुरू झाला. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. नोव्हेंबरअखेर मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला प्रतापगडावर शिवप्रताप दिन. ३ जानेवारीला नायगावात सावित्रीबाई फुले जयंती. १२ जानेवारीला अजिंक्यताऱ्यावर शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाची आठवण. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र म्हणजे बारवांवर दिवे, आणि लगेच चार दिवसांनी शिवजयंती. सुगी, ऊसतोड आणि लग्नसराई सांभाळून तालुक्यातली पोरं हे सगळं करतात. त्यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही.

प्रश्न वेगळा आहे. एवढे कार्यक्रम झाल्यावर गावाच्या हातात काय राहतं? मागच्या पाच वर्षांत आपल्या गावात किती वीरगळ होते, त्यातले किती आज जागेवर आहेत, हे सांगणारा एक कागद किती गावांत सापडेल? फोटो हजारो आहेत. पण कोणता फोटो कुठल्या दगडाचा, तो कुणाच्या रानात, कुठल्या गटात, हे लिहिलेलं नाही. पुढचे चार महिने मंडळांनी हा एक मुद्दा डोक्यात ठेवला नाही, तर सण साजरे होत राहतील आणि ज्याच्यासाठी साजरे करायचे ते हळूहळू निघून जाईल.

इतिहासाचं वर्ष शेतीसारखंच

तालुक्याच्या गावातलं इतिहास मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नसते. एखादे निवृत्त गुरुजी, दोन-तीन शिक्षक, एखादा फोटोग्राफर, गड चढणारी दहा-पंधरा पोरं आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. ऑफिस नसतं. बैठक देवळात, वाचनालयात नाहीतर चहाच्या टपरीवर होते. त्यांचं कामही शेतीसारखं हंगामावर चालतं.

पावसाळ्यात गडावर जाऊन काम होत नाही. गवत वाढतं, दगड निसरडे होतात. मग श्रावण आणि गणपतीत व्याख्यानं, देखावे, निबंध स्पर्धा. दिवाळीत किल्ले बनवा स्पर्धा. हिवाळ्यात श्रमदान, गडफेरी, मशाली, जयंत्या. उन्हाळ्यात टाक्यांतला आणि बारवांतला गाळ काढणं, कारण पाणी तेव्हाच तळाला असतं. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन. ६ जूनला रायगडाची वारी. १६७४ मध्ये त्याच तारखेला शिवराज्याभिषेक झाला, म्हणून गावोगावच्या गाड्या रायगडाकडे निघतात. तिथून परत आलं की पेरणी.

या वर्षात एकही महिना नोंदीचा नाही. सफाईचा आहे, भाषणाचा आहे, मिरवणुकीचा आहे. लिहून ठेवण्याचा नाही.

यंदा या विषयाला एवढं महत्त्व का?

दोन घटनांमुळे.

पहिली, ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. सातारा जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आला. जिल्ह्यात पेढे वाटले गेले, ते योग्यच झालं. पण प्रतापगड हा बारामधला एक. अजिंक्यतारा, सज्जनगड, वर्धनगड, महिमानगड, भूषणगड, चंदन-वंदन, वैराटगड, पांडवगड, कमळगड, वसंतगड हे या यादीत नाहीत. यादीत नाव आलं म्हणून पैसा आपोआप येत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणून किल्ल्याचं महत्त्वही कमी होत नाही. मात्र लोकांचं आणि सरकारचं लक्ष साहजिकच यादीतल्या नावांकडे जाणार. मग उरलेल्यांकडे बघायचं कुणी? गावानंच.

दुसरी घटना कागदांची. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली. त्यानंतर गावोगाव जुनी दप्तरं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटिअरचा निर्णय काढला आणि त्याबरोबर सातारा गॅझेटिअरचाही विषय चर्चेत आला. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना पटली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर घराचं नशीब ठरू शकतं. ज्यांच्या वाड्यातली दप्तरं उंदरांनी खाल्ली किंवा रद्दीत गेली, त्यांना त्या ओळीची किंमत आता कळली.

इतिहास म्हणजे फक्त अभिमान नाही, तो पुरावाही आहे, हे या दोन वर्षांत गावाला कुणी भाषण न देता समजलं.

नोंद नसली की काय होतं? वाघनखांचं उदाहरण

१९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं ठेवली होती. जिल्ह्यातून आणि बाहेरून लोकांनी रांगा लावल्या. शाळांच्या सहली आल्या. त्याच वेळी वादही झाला की अफजलखानाच्या वधाच्या वेळची वाघनखं हीच का?

ही वाघनखं लंडनला गेली ती साताऱ्याशी नातं असलेल्या माणसाकडून. जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. पेशव्यांच्या प्रधानाकडून ती त्याला मिळाली, असा मजकूर सोबतच्या पेटीवर आहे. पण १६५९ पासून ग्रँट डफच्या हातात येईपर्यंतच्या दीडशे वर्षांत ती कुणाकडे होती, हे सांगणारी साखळी कागदावर नाही. म्हणून खुद्द लंडनचं संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही की प्रतापगडाखाली वापरली ती हीच.

वस्तू समोर आहे, लोखंड खरं आहे, तरी प्रश्न सुटत नाही, कारण मधल्या काळाची नोंद नाही. जगातल्या नामांकित संग्रहालयातल्या वस्तूची ही गत, तर गावातल्या देवळामागे पडलेल्या दगडाचं काय? आज गावातला म्हातारा माणूस सांगू शकतो की हा वीरगळ पूर्वी ओढ्याकाठी होता, रस्ता झाला तेव्हा इकडे आणला. तो माणूस गेला की दगड राहतो, त्याची जागा हरवते.

वीरगळ : दगडावरची बातमी

वीरगळ म्हणजे गावासाठी, गुरांसाठी, सीमेसाठी लढता लढता मेलेल्या माणसाची आठवण. तो वाचायचा खालून वर. सगळ्यात खाली पडलेला वीर, कधी शेजारी गायी. गायी असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी झालेली लढाई, असा अर्थ घेतात. त्याच्यावर युद्धाचा प्रसंग. त्याच्यावर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, हा त्याचा अर्थ. कोपरापासून वर उचललेला बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. गाढवाचं चित्र असेल तर गद्धेगळ, म्हणजे दान दिलेली जमीन जो मोडेल त्याला शिवी.

वाई तालुक्यातलं किकली गाव यासाठी प्रसिद्ध आहे. चंदन-वंदनच्या पायथ्याच्या या गावात भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात वीरगळांची रांगच आहे. तिथं अभ्यासक येतात, कारण दगड एका जागी आहेत आणि गावाला ते काय आहेत हे माहीत आहे. पण ज्या गावात एक-दोनच वीरगळ आहेत, तिथं ते धुणं धुवायच्या दगडात, गोठ्याच्या पायरीत, नाहीतर बांधात गेलेले दिसतात. देवळाचा जीर्णोद्धार काढला की आधी जेसीबी येतो. जुने दगड ट्रॉलीत भरून ओढ्यात टाकले जातात आणि वर टाइल्स बसतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. दगड काय आहे हे सांगणारा कुणी त्या दिवशी तिथं नसतो, एवढंच.

दुसरं नुकसान प्रेमापोटी होतं. वीरगळाला ऑइलपेंट फासायचा, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खिळ्याने कोरायची, ॲसिडने धुवायचं, सिमेंटमध्ये अर्धा गाडायचा. एकदा अक्षर बुजलं किंवा खिळ्याने बदललं की ते परत मिळत नाही. शिलालेख वाचायचा असेल तर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धूळ काढावी, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्यावा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही सावलीने उठतात. भर दुपारचा फोटो कामाचा नाही.

बारवेने एक धडा दिला आहे

कार्यक्रम म्हणजे सगळाच देखावा, असं म्हणणंही चुकीचं ठरेल. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दिवे लावायची पद्धत गेल्या काही वर्षांत बारव मोहिमेमुळे राज्यभर पसरली. त्याआधी कित्येक बारवा म्हणजे गावाची कचराकुंडी झाल्या होत्या. दिवे लावायचे म्हणून पोरं आत उतरली, बाटल्या आणि प्लॅस्टिक बाहेर काढलं, झाडं तोडली. बायका-पोरं पहिल्यांदा पायऱ्या उतरून खाली गेली. नुसतं भाषण देऊन हे झालं नसतं. सण असला की माणूस येतो, हे खरं आहे.

सातारा तालुक्यातल्या लिंब गावची बारा मोटांची विहीर सगळ्यांना माहीत आहे. १७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या घराण्यातल्या वीरूबाईंनी ती बांधून घेतली. विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे. एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय, आणि पाणी आमराईला. आज तिथं पर्यटक येतात. आपल्याला विहिरीचं नाव, बांधणाऱ्या बाईंचं नाव आणि साल एवढं सांगता येतं त्याचं कारण काय? तिथं शिलालेख आहे. बांधणाऱ्यांनी त्याच वेळी नोंद करून ठेवली. ती नसती तर ही विहीरही 'पांडवांनी एका रात्रीत बांधली' या सदरात गेली असती. जिल्ह्यातल्या किती बारवा आज त्या सदरात आहेत, हे ज्याचं त्यानं आठवावं.

म्हणून महाशिवरात्रीचा दिवा लावाच. पण दिवा लावायला उतरलेल्या पन्नास माणसांतल्या दोघांनी टेप घेऊन लांबी, रुंदी, पायऱ्या आणि कोनाडे मोजावेत. कोनाड्यात मूर्ती कोणती, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, विहीर कुणाच्या गटात आहे, हे लिहावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

नोंद का होत नाही? कारणं खरी आहेत

मंडळं आळशी आहेत म्हणून नोंद होत नाही, असं नाही. कारणं चार आहेत आणि ती समजून घ्यायला हवीत.

पहिलं, नोंदवहीला प्रायोजक मिळत नाही. मंडप, साउंड, ट्रॉफी, टी-शर्ट यावर नाव छापता येतं. वहीवर कुणाचा बॅनर लावणार? स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांचे दिवस असताना तर पैसा देणाऱ्याला गर्दी पाहिजे. ते त्याच्या बाजूने चूक नाही, पण त्यामुळे मंडळाचं वर्षाचं वेळापत्रक गर्दी ठरवते.

दुसरं, भीती. घरातले मोडी कागद दाखवले तर भाऊबंदकीत जमिनीचा वाद निघेल, कुणी कागद नेऊन परत देणार नाही, असं घरच्यांना वाटतं. हा अनुभव काही घरांना आलेलाही आहे. म्हणून ट्रंकेला कुलूप.

तिसरं, नाक. कागदात आपल्याला आवडेल तेच निघेल याची खात्री नसते. पाटीलकी कुणाची होती, कर्ज कुणाचं होतं, गाव सोडून कोण आलं, हे कागद सरळ सांगतो. काही घरांना ते नको असतं.

चौथं सगळ्यात मोठं. बहुतेक मंडळं एका माणसावर चालतात. त्या गुरुजींच्या कपाटात फाइली, डोक्यात सगळी माहिती. ते गेले की मुलं शहरातून येतात, घर आवरतात आणि रद्दीवाला बोलावतात. तीस वर्षांची मेहनत किलोच्या भावाने जाते.

साताऱ्यातलाच जुना दाखला

हे जिल्ह्याला नवीन नाही. इतिहासकार दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर कागद, चित्रं, नकाशे जमवले. त्या संग्रहातून १९२५ मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं राहिलं. १९२६ मध्ये पारसनीस गेले. १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला. तिथं तो आजही आहे, अभ्यासक वापरतात. म्हणजे संग्रह वाचला. पण साताऱ्याच्या पोराला साताऱ्याचे कागद बघायला पुण्याला जावं लागतं.

याच्या उलट औंध. खटाव तालुक्यातल्या या छोट्या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये गावातच संग्रहालय सुरू केलं. चित्रं आणि मूर्ती यमाईच्या डोंगरावर आजही आहेत, आणि लोक औंधला येतात. फरक असा की औंधला वस्तूंबरोबर जागा आणि व्यवस्थाही उभी राहिली.

धुळ्याचंही उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू करण्यात तेच पुढे होते. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले. धुळेकरांनी नुसती पुण्यतिथी केली असती तरी चाललं असतं. त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं, कागद आणि मूर्ती जपल्या, 'संशोधक' नावाचं नियतकालिक चालवलं. माणूस गेल्यावर काम चालू राहिलं, कारण ते संस्थेच्या नावावर आणि वहीत होतं.

फक्त गडकोटच इतिहास नाही

मंडळांच्या कार्यक्रमपत्रिकेत गड सोडून दुसरं फार कमी असतं. गड महत्त्वाचे आहेतच. पण गडाचा दगड अजून शंभर वर्षं उभा राहील. माणसाची आठवण तेवढी थांबत नाही.

९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच भागात चाललं. त्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आज असता तर शंभरी ओलांडलेला असता. ती पिढी जवळपास संपली. त्यांची मुलं आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत, आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेलं सांगणारी तीच शेवटची.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं गाव म्हणून ओळखलं जातं. घरटी फौजी असलेल्या अशा गावांत सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं, पदकं, जुने फोटो ट्रंकेत पडून आहेत. तोही इतिहास आहे.

पाटण तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत. शिवसागर जलाशयात बुडालेल्या गावांची वाट, देऊळ, जत्रा आठवणारी आहेत. माण-खटावात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या आणि सुकडी खाल्लेल्या बाया अजून आहेत. त्या वेळी विशीत असलेली बाई आज सत्तरी पार करून गेली आहे. त्यांना कुणी माइक दिलेला नाही. दहा वर्षांनी द्यायचं ठरवलं तरी देता येणार नाही.

नायगावात ३ जानेवारीला मोठा कार्यक्रम होतो. १८३१ मध्ये तिथं सावित्रीबाई जन्मल्या. त्याच दिवशी बाकीच्या गावांत आपल्या गावची पहिली शाळेत गेलेली मुलगी कोण, एवढं शोधून काढलं तरी जयंती साजरी झाली. शाळेचं जनरल रजिस्टर हेडमास्तरांच्या कपाटात असतं. मुख्याध्यापकांना विचारून बघावं.

कायदा थोडक्यात

गावात याबाबत गैरसमज फार आहेत, म्हणून चार गोष्टी.

शेतात नांगरताना, पाया खणताना जुनी नाणी, दागिने असं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. लपवलं, वितळवलं तर गुन्हा.

शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणं, शिल्प हे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखिताला ही मुदत ७५ वर्षं आहे. अशी वस्तू परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. गाडी घेऊन 'जुनी मूर्ती घेतो' म्हणणारा आला तर आधी पोलीस पाटलांना फोन करावा.

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. काही किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, काही राज्याच्या. प्रतापगड राज्याकडे आहे. संरक्षित जागेवर श्रमदान करायचं तरी आधी लेखी परवानगी घ्यावी. चांगल्या मनानं मारलेलं सिमेंटही तिथं गुन्हा ठरू शकतं.

आणि गुप्तधनासाठी बारव, चौथरा खणणं हा खुळेपणा आहे. त्यात नुकसान गावाचं होतं आणि गुन्हा खणणाऱ्यावर लागतो.

पण बहुसंख्य वीरगळ, बारवा, पार, शिलालेख कुठल्याही संरक्षित यादीत नाहीत. विहिरीची नोंद निदान सातबाऱ्यावर होऊ शकते, वीरगळाची तीही होत नाही. जैवविविधतेची नोंदवही गावाने ठेवावी असा कायदा आहे. वारशाच्या नोंदवहीची अशी सक्ती नाही. म्हणजे गावाने मनावर घेतलं तरच.

मग करायचं काय? एक वही, एक ठराव, एक जत्रा

एक वही. दोनशे पानी पुरेशी. प्रत्येक वस्तूला एक नंबर आणि एक पान. वस्तू काय, कुठे आहे, गट नंबर किंवा कुणाच्या घराशेजारी, माप किती, स्थिती कशी, गावात तिला काय म्हणतात, माहिती कुणी सांगितली आणि तारीख. फोटोच्या मागे किंवा फाइलच्या नावात तोच नंबर. दरवर्षी वारसा सप्ताहात वही घेऊन एक फेरी मारायची आणि वस्तू जागेवर आहे की नाही, एवढं लिहायचं. एखादी गायब झाली तर पोलिसांत द्यायला फोटो आणि माप तयार असतं. आज तक्रार द्यायला गेलं तर 'मूर्ती कशी होती' यालाच उत्तर नसतं.

मोबाइलमधलं लोकेशन वहीत लिहावं, स्टेटसला टाकू नये. एकाकी माळावरच्या मूर्तीचा नेमका पत्ता जगाला सांगितला की चोराचं काम सोपं होतं.

एक ठराव. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि एक शाळेत ठेवायचा ठराव करावा. त्यातच लिहावं की जीर्णोद्धार, रस्ता किंवा गटाराच्या कामात जुना दगड हलवायचा असेल तर आधी वही बघायची. यामुळे काम एका गुरुजींच्या कपाटातून बाहेर येतं. सरपंच बदलले, मंडळ फुटलं तरी दप्तर राहतं.

एक जत्रा. चैत्र-वैशाखात गावची यात्रा असते. मुंबईला, पुण्याला असलेली सगळी भावकी दोन दिवस घरी असते. म्हातारी माणसं, माहेरवाशिणी, फौजी, माथाडी सगळे एका जागी. वर्षातला हाच दिवस जुने फोटो आणि कागद बाहेर काढायचा. देवळाच्या सभामंडपात एक टेबल मांडायचं. कागद घरच्यानं आणायचा, त्याच्यासमोर मोबाइलवर फोटो काढायचा, आणि मूळ कागद तिथल्या तिथं परत द्यायचा. कागद ताब्यात घ्यायचाच नाही, हा नियम पाळला तर घरच्यांची भीती कमी होते. जमिनीचा, वादाचा कागद वाटला तर घरच्यांच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवायचा नाही, हेही आधी सांगावं. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीपुढच्या माणसाला बसवून अर्धा तास रेकॉर्डिंग. प्रश्न साधे : लहानपणी गाव कुठवर होतं, पाणी कुठून आणायचे, बहात्तरला काय खाल्लं, यात्रेत काय काय व्हायचं.

मोडी वाचता येत नाही म्हणून थांबायचं कारण नाही. फोटो नीट असेल तर उद्या कुणीही वाचेल. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात. प्रत्येक तालुक्यातून दोन पोरं शिकली तरी पुरे.

या सगळ्याला खर्च किती? वही, पेन, टेप आणि एक पेन ड्राइव्ह. एका मिरवणुकीच्या साउंडचा खर्च याच्या कितीतरी पट आहे.

वारसा सप्ताहाच्या पत्रिका छापून झाल्या असतील तर त्या बदलायची गरज नाही. व्याख्यान होऊ द्या, मशाली पेटू द्या. फक्त पत्रिकेच्या शेवटी एक ओळ वाढवा : 'रविवारी सकाळी ७ वाजता गावातल्या जुन्या वस्तूंची नोंद, टेप आणि वही सोबत आणावी.' पहिल्या दिवशी चारच माणसं येतील. चारही पुरेशी आहेत, कारण एका सकाळी दहा-बारा पानं सहज भरतात. छोट्या गावची वही तीन-चार रविवारांत पूर्ण होते आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या टेबलावर ठेवता येते.